दोन्ही टोकांना माणूस

गावात तिला उलटपावली म्हणत. तोंडावर नाही. तोंडावर ती दोरवाली, नाहीतर नुसतीच वहिनी. पण पोरं एकमेकांना घाबरवताना हेच नाव घेत, आणि त्यात पोरांचा तरी काय दोष? भुताचे पाय उलटे असतात हे प्रत्येकाच्या कानावर लहानपणीच पडतं, आणि इथे तर एक जितीजागती बाई रोज सकाळी पाठ पुढे करून दोनशे पावलं चालत जाताना दिसायची.

"पाय सरळच आहेत रे माझे," ती पोरांना सांगायची. "चाल तेवढी उलटी. या जवळ, बोटं मोजून घ्या."

कुणी जवळ जात नसे.

दोर वळायची शेड गावाच्या कडेला, समुद्राला समांतर होती. दोनशे पावलं लांब आणि दोन माणसांपुरती रुंद. वर छप्पर आणि बाजूंना नुसते खांब. एका टोकाला मोठं लाकडी चाक. त्या काळी दोर असाच व्हायचा: चाकाच्या आकड्याला वाखाच्या तंतूंचं टोक अडकवायचं, बाकीचा वाख कमरेला गुंडाळायचा आणि दोन्ही हातांनी तो थोडा थोडा सोडत मागे मागे चालायचं. चाकावर बसलेला माणूस चाक फिरवणार, पीळ धाग्यातून धावत येणार आणि चालणाऱ्याच्या बोटांत पोहोचणार. असे कितीतरी धागे एकत्र वळले की एक पेड, आणि तीन पेडांचा मिळून दोर.

हे काम तिला बापाने शिकवलं होतं. बाप म्हणायचा, बाकीचे लोक कुठे जायचं ते बघत चालतात, आपण कुठून निघालो ते बघत चालतो. बापाचा एकच नियम होता, आणि तो मोडला तर त्याचा हात उठायचा. दोन्ही टोकांना माणूस हवा. ज्या धाग्याच्या एका टोकाला कुणी नव्हतं, तो धागा दोरात घालायचा नाही. कितीही सुंदर दिसला तरी चुलीत घालायचा. पीळ कुठे सैल पडला हे अशा धाग्यात कुणी पाहिलेलं नसतं, आणि दोरावर माणसांचे जीव असतात.

तिचा नवरा लग्नानंतर चाकावर बसला आणि अठरा वर्षं बसला. दोनशे पावलांवरून हाक ऐकू येत नाही, म्हणून दोघं धाग्यातूनच बोलत. एक हिसका म्हणजे चाल. दोन म्हणजे थांब. तीन म्हणजे परत ये. चार म्हणजे भूक लागली. हा चौथा त्याने स्वतः शोधून काढला होता आणि दिवसातून तीन-चारदा वापरायचा. मूल झालं नाही. घरात सासू आणि धाकटा दीर. सासूचे डोळे अधू झाले तेव्हा ती दारात बसून चाचपडत वाख विंचरू लागली. "सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशी ही म्हातारी," असं नवरा म्हणायचा, आणि सासू फणी उगारायची.

मग गावाने मोठा दोर सांगितला. गावासमोर खाडीच्या तोंडाशी वाळूचा बुडालेला बांध होता. दर चार-पाच वर्षांनी एखादं जहाज त्यावर रुतायचं, आणि गाव नुसतं बघत राहायचं. आता गावाचा स्वतःचा दोर असावा, मनगटाएवढा जाड, असं ठरलं. वाख आला आणि दोघं कामाला लागली.

त्या कामात एक सकाळ धुक्याची आली. चाकापासून दहा पावलांवर गेलं की चाक दिसेना, नुसती कुरकुर ऐकू यायची. तिने आकड्याला वाख अडकवला, "चला" म्हणाली, आणि मागे चालू लागली. मोठ्या दोराचा धागा घट्ट पिळाचा, एक फेरी व्हायला तास लागायचा. समोर पांढरं, मागे पांढरं. धागा मात्र बोटांखालून असा येत होता की तिचं तिलाच नवल वाटलं. एकसारखा. कुठे गाठ नाही, कुठे ढिला नाही. अठरा वर्षांत त्याने असं चाक फिरवलं नव्हतं.

टोकाला पोहोचल्यावर तिने दोन हिसके दिले. थांब. चाक थांबलं नाही. तिने परत दिले. बोटांखाली पीळ येतच राहिला. तेव्हा तिने आपलं टोक खुंटीला बांधलं आणि धाग्यावर बोटं ठेवून ती परत निघाली. दीडशे पावलं, एकशे ऐंशी पावलं, कुरकुर जवळ जवळ येत गेली. शेवटच्या दहा पावलांवर कुरकुर थांबली. एकदम. चाहूल लागून कुणी चाक थांबवावं, तशी.

तो चाकाशी खांबाला टेकून बसला होता. हात मांडीवर. तिने आई-बापाची मरणं हाताळली होती. हे आत्ताचं मरण नव्हतं हे हाताला हात लावताच तिला कळलं. बोटं गार पडून वळली होती.

लोकांनी त्याला घरी आणलं. सासू दारात उभी होती. "तू होतीस ना गं जवळ?" तिने विचारलं.

"होते," ती म्हणाली. "माझ्या मांडीवरच गेले."

एवढं एक वाक्य. ते तिने ठरवून म्हटलं नव्हतं, पण एकदा बाहेर पडल्यावर घर त्यावर उभं राहिलं. सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "एकटा नाही गेला माझा मुलगा, बायकोच्या मांडीवर गेला." दिराने होडीवरचं काम सोडलं आणि भावाच्या जागी चाकावर बसला. तोही कधीकधी विचारायचा, "दादा काही बोलला का गं शेवटी?" ती म्हणायची, "नाही, शांतपणे गेले."

राहिला तो धागा. तो चुलीत घालायला हवा होता. पण टाकला तर का टाकला हे सांगावं लागणार, आणि शेडमध्ये तर आता दीर होता, धागे मोजणारा. ती दोन दिवस त्या गुंडाळीकडे बघत राहिली. मग तिने ती मधल्या पेडात घातली, बाकीच्या धाग्यांच्या पोटात. मोठा दोर तयार झाला. सगळ्यांनी वाखाणला.

पुढची आठ वर्षं एकही जहाज रुतलं नाही. ती मनातल्या मनात म्हणायची, नकोच रुतू दे.

नवव्या वर्षी रुतलं. उधाणाचे दिवस होते, आणि पुन्हा धुकं. पहाटेपासून घंटा ऐकू येत होती. कधी डावीकडून, कधी उजवीकडून, एकदा तर गावामागच्या टेकडीवरून. लोक अंगणात उभे राहून एकमेकांकडे बघत होते. शेवटी एक होडीवाला बारीक दोरी घेऊन आवाजाच्या मागावर गेला आणि तासाभराने परत आला.

"बांधावर आहे," तो म्हणाला. "मिठाचं जहाज. बावीस माणसं. आत गुडघाभर पाणी. निम्मे पाणी उपसतायत, निम्मे मीठ फेकतायत, मान वर करायला कुणाला फुरसत नाही. मागच्या खुंट्याला दोर बांधायचं कबूल केलंय."

गावात एक म्हातारा खलाशी होता. असल्या वेळी कुणी न सांगता तो मुकादम व्हायचा. त्याने हिशेब सांगितला. दुपारी भरती पूर्ण होईल, तेवढ्यात जहाजाचं शेपूट खोल पाण्याकडे ओढलं तर ते सुटेल. उद्याचं पाणी वीतभर कमी. मग वाळू जहाजाला सोडणार नाही आणि लाटा त्याचं सरपण करतील.

मोठा दोर खांद्यांवरून खाडीच्या तोंडाजवळच्या खडकावर नेला. होडीने त्याचं एक टोक जहाजावर पोहोचवलं. खडकावर एक जुना दगडी खांब होता. दोराचा एक वेढा त्याला द्यायचा, मागे पस्तीस माणसांनी ओढायचं, मिळालेलं हातभर अंतर वेढ्यात आवळून धरायचं, श्वास घ्यायचा, परत ओढायचं. वेढा सांभाळायला दीर बसला. ती जागा ओढणाऱ्यांच्या पुढे, दोराच्या रेषेत. दोर तुटला तर पहिला फटका तिथेच. आणि दिराच्याही पुढे, खडकाच्या अगदी कडेला, दोराच्या एका बाजूला ती उभी राहिली, तळहात दोरावर ठेवून. दोर किती ताण सोसतोय हे वळणाऱ्याच्या हाताला कळतं. कधी ओढायचं आणि कधी सोडायचं हे तिने सांगायचं होतं.

दोर तिच्या हाताखालून निघून धुक्यात जात होता. दहा-बारा हातांवर तो दिसेनासा व्हायचा. पुढे जहाज आहे हे फक्त घंटेवरून मानायचं.

"ओढा!" ती म्हणाली. पस्तीस माणसांनी ओढलं. दोरातून पाणी पिळून निघालं.

"जहाज आधी हलतंय की माझी कंबर, बघू," लोहार मागून म्हणाला.

"तुझी कंबर हलवायला दुसरं उधाण लागेल," कुणीतरी म्हणालं, आणि लोक हसले. धुक्यात हसणं विचित्र वाटलं. ऐकायला जणू बरेच जास्त लोक हसले.

परत ओढलं. परत. जहाज थोडं वळलं असावं, कारण दोर एका बाजूला सरकला. मग तिच्या तळहाताला लागलं.

दोन हिसके. छोटे, नेमके.

तिने हात उचलला नाही. लाट असेल. लाटेचा झोका लांब असतो, तो असा नसतो, हे तिला माहीत होतं.

परत दोन.

"थांबा!" ती ओरडली.

म्हातारा खलाशी दोरालगत पुढे आला. "आत्ता? भरतीला घटकाभर उरलीय, आणि थांबा?"

"दोर थांब म्हणतोय."

"आमच्याशी तर तो ओढ एवढंच बोलतो," लोहार म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही, कारण दीर वेढा धरून मागे वळला होता आणि त्याचा चेहरा उतरला होता.

"वहिनी," तो म्हणाला, "मलाही लागले. दोन." आणि मग हळू आवाजात, "तिकडे कुणाला माहीत आहे हे?"

कुणालाच माहीत नव्हतं. या खुणा जगात तीन माणसांना माहीत होत्या. त्यांतली दोन या खडकावर होती.

एक वाट सोपी होती. दोर खडकावर घासतोय, असं सांगायचं. त्यांनी खाली गोणपाट घातलं असतं आणि पुन्हा ओढलं असतं, दीर तिथेच, तसाच, छाती दोराच्या रेषेत. एक खोटं ती आठ वर्षं सांभाळत होती, दुसरं काही जड नव्हतं. तिने दिराच्या छातीकडे पाहिलं. तो आता वयाने त्याच्या भावाएवढा झाला होता.

"या दोरात एक धागा आहे," ती म्हणाली, "जो मी घालायला नको होता."

"कुठला धागा?" म्हाताऱ्याने विचारलं.

"ज्याच्या एका टोकाला कुणी नव्हतं."

"असं कसं होईल?" दीर म्हणाला. "मी आल्यावरचे सगळे मी फिरवलेत. त्याआधी दादा होता."

"नव्हते," ती म्हणाली. "त्या दिवशी शेवटच्या फेरीला मी टोकापर्यंत गेले. धुकं होतं. परत आले तेव्हा ते गार पडले होते. कधीचे गेले होते. मी जवळ नव्हते, भावोजी. मांडीवर गेले असं मी म्हणाले ते खोटं."

घंटा वाजली. लाट खडकाखाली शिरली आणि बाहेर आली.

"पण धागा तर पुरा झाला," दीर सावकाश म्हणाला. "पीळ तर होता."

"होता. शेवटपर्यंत."

"मग चाक कोण फिरवत होतं?"

"मला माहीत नाही."

मागच्या रांगेतल्या एकाने दोरावरचा हात काढला, तळव्याकडे पाहिलं आणि तो अंगरख्याला पुसला. मग त्याच्या शेजारच्याने. सरसर करत हात सुटत गेले. खांबाच्या वेढ्यावर जहाज तोलून धरत दीर एकटा राहिला, आणि तो तिच्याकडे बघत नव्हता.

"झालं?" म्हातारा खलाशी कडाडला. "काथ्याकूट संध्याकाळी करा. तिथे बावीस जीव आहेत. दुसरा दोर आहे कुणाच्या घरात? नाही ना? मग हाच. आता माहीत झालंय की तुटू शकतो, तर तुटणारा दोर ओढतात तसा ओढू."

त्याने होड्यांमधली जाळी आणि गोणपाटं मागवली. ती भिजवून दोरावर जागोजागी टाकली, ओझ्यासारखी, म्हणजे दोर तुटला तरी चाबकासारखा उसळणार नाही. ओढणाऱ्यांना रेषेतून काढून उताराला उभं केलं. दिराला खांबाआड जमिनीलगत बसवलं.

"तू हो बाजूला हवं तर," म्हातारा त्याला म्हणाला.

"नको," दीर म्हणाला. "माझ्या हाताला सवय आहे."

तिने परत तळहात ठेवला. दोर गप्प होता. कुणी थांब म्हणत नव्हतं, कुणी चालही म्हणत नव्हतं. तिने स्वतःच ठरवलं. "ओढा."

लोक आले दोरावर. मनापासून नाही, पण आले. आणि तिसऱ्या ओढीला धुक्यातून असा आवाज आला, जसा खोल चिखलातून पाय निघताना येतो, फक्त तो पाय घराएवढा असावा. दोर हातभर नाही, चांगला दोन पुरुष लांबीने मागे आला. लोक पाठीवर पडले. तिकडून माणसांचा गलका झाला. त्याच क्षणी तिच्या हाताखालून ताण नाहीसा झाला.

दोर तुटला तेव्हा फारसा आवाज झाला नाही. ओल्या जाळ्यांनी त्याला खाली दाबलं. तरी तुटकं टोक खांबापर्यंत आलंच. दिराची छाती आधी ज्या उंचीवर होती, त्या उंचीवर खांबाचा तळहाताएवढा टवका उडाला. दीर त्याच्या खाली बसला होता. त्याच्या केसांत दगडाचा भुगा पडला.

दोराचं दुसरं टोक समुद्रात गेलं. तो नेमका कुठल्या धाग्यापाशी तुटला, हे कधीच कळलं नाही.

दुपारनंतर धुकं विरळ झालं. जहाज खोल पाण्यात उभं होतं, एका बाजूला कललेलं, पण तरंगत. त्याचा कप्तान होडीतून किनाऱ्यावर आला. हाताची बोटं मिठाने फाटलेली, आवाज बसलेला. तो प्रत्येकाचे हात हातात घेत होता.

"दोर जहाजावर मागे कुणाच्या हातात होता?" म्हाताऱ्याने त्याला विचारलं.

"मागे? मागे कुणीच नव्हतं. मागची बाजू कमरेएवढ्या पाण्यात होती." कप्तान थांबला. "खुंटा मात्र वाजला. दोनदा वाजला, मग परत दोनदा. आम्ही समजलो, तुम्ही काही सांगताय."

म्हाताऱ्याने कप्तानाला गरम काहीतरी प्यायला घरी नेलं.

ती तिथे थांबली नाही. पस्तीस माणसं म्हणजे पस्तीस घरं. बातमीला पाय फुटायच्या आत तिला घरी पोहोचायचं होतं. ती झपाझप चालू लागली. मागून दिराची पावलं आली.

"मी सांगतो आईला," तो मागूनच म्हणाला. खडकावरून निघाल्यापासूनचं त्याचं हे पहिलं वाक्य.

"नाही. खोटं मी बोलले."

"ती सहन करेल का?"

"माहीत नाही. पण शेजारणीकडून ऐकण्यापेक्षा बरं."

सासू दारातच होती. मांडीवर वाख, हातात फणी. पावलं ऐकून तिने मान वर केली. "सुटलं का गं जहाज?"

"सुटलं, आई. सगळे वाचले." ती सासूसमोर जमिनीवर बसली. फणी काढून घेतली, बाजूला ठेवली. मग सांगितलं. धुकं, धागा, दोनशे पावलं, परतीची दोनशे पावलं, गार हात. आवाज कुठे मऊ केला नाही. आपण घाबरलो होतो, एवढंही सांगितलं नाही. ते कारण तिला आता लहान वाटत होतं.

सासू ऐकत राहिली. तिचे हात मांडीवरच्या वाखात फिरत होते, पण विंचरत नव्हते. आठ वर्षं तिने ज्याला त्याला सांगितलेलं वाक्य तिच्या तोंडाशी आलं असावं, कारण ओठ हलले. पण ते बाहेर आलं नाही. दीर उंबऱ्याबाहेर उभा होता, आत येत नव्हता.

"तोंड कुठे होतं त्याचं?" सासूने विचारलं.

"म्हणजे?"

"बसला होता म्हणालीस ना. मग तोंड कुणीकडे होतं? रस्त्याकडे? घराकडे?"

आठ वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं, तिने स्वतःलाही नाही. तिने डोळे मिटले. खांब दिसला, मांडीवरचे हात दिसले. मान दिसली, किंचित वळलेली.

"मी गेले होते त्या बाजूला," ती म्हणाली.

"पण धुकं होतं म्हणालीस."

"हो. काही दिसत नव्हतं."

सासूने हुंकार दिला. मग उंबऱ्याकडे मान वळवून म्हणाली, "तू का बाहेर उभा? आत ये, बस." आणि सुनेचं मनगट चाचपून पकडत, "आता पहिल्यापासून सांग. सकाळी उठला तिथपासून. काही गाळू नकोस."

दीर येऊन भिंतीला टेकून बसला. तिने पाणी मागितलं, त्याने आणून दिलं. मग ती सांगू लागली.